हुकावरचं वजन

ट्रॉली करून घ्यायला आलेला माणूस आधी टन विचारतो. किती टन बसेल? चॅनेल कुठला, पाटे किती, टायर कोणते, हे सगळं त्यानंतर. केजजवळच्या माझ्या वर्कशॉपमध्ये हा प्रश्न रोजचा आहे आणि त्याचं उत्तरही सोपं आहे. मी त्याला उलट विचारतो, की ट्रॅक्टर कुठला आहे आणि हुकावर किती वजन घ्यायचंय? इथं बहुतेक जण थांबतात. माल ट्रॉलीत असतो, ट्रॉलीला तिची चाकं असतात, मग हुकावर वजन कुठून आलं? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. बालाघाटाच्या चढउतारांवर ट्रॅक्टर चालवणाऱ्याचा जीव त्या एका हुकात अडकलेला असतो.

हे मला आधी बैलगाडीनं शिकवलं, वेल्डिंग नंतर आलं. आमचे वडील, म्हणजे आबा, कोयता घेऊन कारखान्याला जायचे. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं उठून जातात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, कुठलाही तालुका घ्या. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि सांगली, कोल्हापूर, साताऱ्याच्या फडांत, कधी कर्नाटकातही, हंगाम काढायचा असतो. आबांकडे टायरची बैलगाडी होती. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि कारखान्याच्या काट्यावर नेऊन नंबर लावायचा.

गाडी भरून झाली की आबा लगेच बैल जुंपत नसत. गाडी पुढच्या बाजूनं टेकूवर उभी असायची. ते जुवाखाली वाकायचे, खांदा लावायचे आणि गाडी किंचित वर उचलून पाहायचे. हलकी उचलली गेली, तर म्हणायचे, "उलाळतीय." मग मागच्या मोळ्या काढून पुढं टाकायच्या. उचललीच गेली नाही, तर पुढच्या मोळ्या मागं सारायच्या. दोनदा, तीनदा असं करून मग बैल. बाकीच्या गाड्या निघून जायच्या, आई घाई करायची, पण आबांनी हा नेम मोडला नाही.

त्यात काय पाहत होते, हे मला फार उशिरा आकड्यांत मांडता आलं. दोन चाकांच्या गाडीत आखाच्या पुढं किती भार आणि मागं किती, यावर मानेवरचा दाब ठरतो. मागं जास्त भरली, तर जू वर उचललं जातं, गळ्याखालचा पट्टा बैलाचा श्वास कोंडतो आणि पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, म्हणजे ओढही लागत नाही. पुढं जास्त भरली, तर सगळं मानेवर येतं. म्हणून मानेवर दाब हवाच, पण बेताचा. त्यातही एक बारकावा आहे. उसाची गाडी उंच भरलेली असते आणि भाराचा मध्य आखाच्या बराच वर असतो. चढाला लागली, की तो मध्य मागं झुकतो आणि मान हलकी होते. उताराला लागली, की पुढं झुकतो आणि मान दबते. जितकी गाडी उंच, तितका हा फरक मोठा. म्हणून आबा गाडी भरण्याआधी रस्ता कसा आहे ते विचारायचे. वाटेत ओढ्याचा उतार असेल, तर दाब थोडा कमी ठेवायचे. उसाचं बुड जड आणि शेंड्याकडची बाजू हलकी असते, त्यामुळं मोळीचं तोंड कुठं करायचं, हेही ते बघत.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडं खांदेमळणी होते. बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावून चोळायचं. आबांचा हात त्या वेळी मानेवर फार सावकाश फिरायचा. कातडी कुठं निबर झालीय, कुठं गाठ राहिलीय, हे ते बोटांनी वाचत. गाडी भरताना घेतलेल्या वेळाचं मोल मला त्या हाताकडं बघून कळलं.

२०२२ साली सांगली जिल्ह्यातल्या साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांनी याच मानेसाठी एक उपाय केला. जुवाच्या खाली, दोन बैलांच्या मधे, एक आधाराचं चाक बसवलं. नाव ठेवलं 'सारथी'. त्याची चित्रं तेव्हा देशभर फिरली. पाहताक्षणी मला ते पटलं, कारण त्यांनी वजन कमी करण्याचा आव आणला नव्हता. गाडीतला ऊस तेवढाच राहिला. मानेवर जाणारा दाब चाकावाटे जमिनीत गेला, एवढंच. शिकलेल्या पोरांनी बैलाची मान हा यंत्रशास्त्राचा विषय मानला, याचं मला मनापासून बरं वाटलं.

आता आमच्या जिल्ह्यातही ऊस उभा आहे. सिंदफणेवरचं माजलगाव धरण, जायकवाडीचा उजवा कालवा, विहिरी आणि बोअर, या सगळ्यांच्या जोरावर तो वाढला. तेलगाव, पांगरी, गढी, अंबाजोगाई, सगळीकडं कारखाने झाले. बैलगाड्या आहेत, पण कमी. रस्त्यावर दिसतो तो ट्रॅक्टर आणि त्याच्या मागं दोन ट्रॉल्या. माझा धंदा त्यावरच चालतो.

ट्रॉलीच्या दोन जाती ध्यानात घ्याव्या लागतात. एक चार चाकांची, पुढच्या आखावर टर्नटेबल असलेली. ती स्वतःच्या पायांवर उभी असते. तिचा दांडा नुसता ओढतो, हुकावर उभा दाब जवळजवळ नसतो. दुसरी, जिची चाकं सगळी मागच्या बाजूला असतात. तिचं तोंड ट्रॅक्टरवर टेकलेलं असतं आणि हीच खरी बैलगाडीची बहीण. हिच्या भाराचा एक हिस्सा हुकावर बसतो.

हा हिस्सा ट्रॅक्टरला काय करतो, ते मी ग्राहकाला जमिनीवर खडूनं काढून दाखवतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या आखात साधारण २ मीटर अंतर धरा. हूक मागच्या आखाच्या आणखी मागं, समजा ७० सेंटिमीटर. आता हुकावर ६०० किलो बसले. हे वजन मागच्या आखाच्या मागं आहे, म्हणजे मागचा आख टेकू झाला आणि ट्रॅक्टर तरफ. ६०० गुणिले ०.७ भागिले २, म्हणजे २१० किलो पुढच्या चाकांवरून उठले. मागच्या चाकांवर ६०० नाही, ८१० वाढले. दोन टनांच्या आसपासच्या ट्रॅक्टरचं पुढच्या चाकांवर साडेसातशे किलो वजन असेल, तर त्यातलं पाव भागाहून जास्त सपाट रस्त्यावर उभ्या उभ्याच गेलं.

आता चढ लावा. ट्रॉली ओढायला समजा ८०० किलोचा जोर लागतोय आणि हूक जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. ही ओढसुद्धा ट्रॅक्टरचं तोंड उचलते. ८०० गुणिले ०.५ भागिले २, आणखी २०० किलो. दोन्ही मिळून ४१० गेले, उरले ३४०. चढामुळं ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागं झुकतं, ते वेगळंच. एवढ्या अवस्थेत क्लच झटक्यात सोडला किंवा मागचं चाक खड्ड्यातून बाहेर आलं, की पुढची चाकं जमीन सोडतात. स्टिअरिंग हातात असतं, पण ते कशालाच वळवत नसतं.

हूक २० सेंटिमीटर वर लावला, तर त्याच ओढीचे २०० किलो २८० होतात. म्हणून मी हूक खाली ठेवण्यावर अडून बसतो. अडकलेली ट्रॉली काढायला काही जण साखळी वरच्या टॉपलिंकच्या जागी बांधतात. त्यानं ट्रॅक्टर मागच्या मागं उलथतो, आणि तो उलथायला लागणारा वेळ ड्रायव्हरला उडी मारायला पुरत नाही. माझ्या दारात कुणी असं करायचं म्हणालं, तर मी त्याला चहा पाजून बसवतो आणि पुन्हा खडू हातात घेतो.

टर्नटेबलची ट्रॉली हुकावर बसत नाही, मग ती बरी का? सपाटीला बरी. पण मागच्या चाकांना पकड मिळायला त्यांच्यावर वजन हवं असतं, आणि ही ट्रॉली ते देत नाही. ओल्या रानातून निघताना चाक जागेवर फिरतं. दोन ट्रॉल्या जोडून घाट चढणं तर आणखी कठीण. समजदार ड्रायव्हर एक ट्रॉली पायथ्याला सोडतो, दुसरी वर नेऊन ठेवतो आणि परत खाली येतो. वेळ जातो, डिझेल जातं. पण आमचा धारूरचा घाट ज्यानं पाहिलाय, खामगाव–पंढरपूर रस्त्यावरचा तो अरुंद, वळणांचा तुकडा, तो या ड्रायव्हरला आळशी म्हणणार नाही.

तोंड उचललं जाऊ नये म्हणून लोक काय काय करतात. पुढं कंपनीची लोखंडी वजनं लावतात, ते योग्यच. काही जण बंपरवर दगडांची पोती बांधतात. सगळ्यांत वाईट म्हणजे रानातून चढून रस्त्याला लागताना दोन-तीन माणसांना बंपरवर उभं करतात. तीही कोयत्याचीच माणसं असतात, दिवसभर तोडणी करून थकलेली. ट्रॅक्टर हिसका देऊन पुढं आदळला, तर ती थेट चाकासमोर पडतात. माणूस ही वजन म्हणून वापरायची वस्तू नाही, हे मला प्रत्येक हंगामात नव्यानं सांगावं लागतं.

उताराचं गणित उलटं. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात, अन् असले तर जोडलेले नसतात. ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. ट्रॉली मागून रेटते, ट्रॅक्टर तिरका होतो आणि दोघांचा कोन मिटत जातो. डाव्या-उजव्या ब्रेकची पेडलं एकमेकांना जोडायची कडी रस्त्यावर लावलेलीच हवी, नाहीतर एकच चाक धरलं जातं आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतारावर गियर आधीच खालचा घ्यायचा. न्यूट्रलला सोडून डिझेल वाचवणाऱ्याशी मी भांडतो.

या सगळ्यात मला एक नवी गोष्ट भाच्यामुळं कळली. तो अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. त्यानं सुट्टीला फिरायला एक घरासारखा ट्रेलर घेतला, आत झोपायला जागा, स्वयंपाकाचा ओटा, पाण्याची टाकी, सगळं. पिकअप गाडीला तो जोडल्यावर त्याचा फोन आला. "मामा, गाडीचं तोंड वर गेलंय. रात्री समोरून येणारे हेडलाइट मारतायत मला. तू ट्रॉल्या करतोस, सांग ना काय करू?" व्हिडिओवर त्यानं गाडी दाखवली. मागं बसलेली, पुढं उठलेली. आमच्याच ट्रॅक्टरचं दुखणं, रंग तेवढा वेगळा.

तिकडं याला खास हिच मिळतो, त्याला वेट डिस्ट्रिब्युशन हिच म्हणतात. त्यानं तो बसवून घेतला आणि मी फोनवर डोळे फाडून पाहत राहिलो. गाडीच्या मागं ट्रेलर अडकवायचा जो गोळा असतो, त्याच्यापाशी दोन जाड स्प्रिंगचे बार खोचलेले. ते मागं, ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी सांगाड्याखाली जातात. तिथं साखळीनं त्यांची टोकं वर ताणून अडकवतात. बस्स, एवढंच. दोन बार आणि दोन साखळ्या.

पण त्यातली करामत बघा. गाडीच्या मागच्या बाजूला दोन लांब पहारी घट्ट खोचल्या आहेत आणि त्यांची मोकळी टोकं तुम्ही हातांनी वर उचलताय, असं धरा. गाडीचा मागचा भाग उचलला जाईल आणि पुढची चाकं जमिनीवर दाबली जातील. उचलताना तुमचे पाय मात्र जमिनीत रुततील, कारण त्या उचलण्याचा भार तुमच्यावर आला. इथं उचलणारा माणूस म्हणजे ट्रेलरचा सांगाडा. तो साखळीनं बार वर खेचतो आणि स्वतः खाली दाबला जातो. तो दाब ट्रेलरची चाकं घेतात.

आकड्यांत सांगतो. गोळ्यावर ३०० किलो आहेत. गाडीच्या दोन आखांत ३.६ मीटर, गोळा मागच्या आखाच्या १.२ मीटर मागं. बार नसताना पुढून १०० किलो उठले, मागं ४०० वाढले. आता बार ताणले आणि पुढचे १०० परत आणले. गोळ्यापासून ट्रेलरचा आख साडेचार मीटरवर असेल, तर त्याच्यावर सुमारे ६३ किलो गेले आणि गाडीच्या मागच्या आखावर ४०० ऐवजी सुमारे २३७ राहिले. २३७ आणि ६३ मिळून ३००. एक किलो कमी झाला नाही, एक वाढला नाही. आबांनी मोळ्या इकडच्या तिकडं केल्या, साखराळ्याच्या पोरांनी चाक लावलं, आणि इथं स्प्रिंगनं तेच केलं.

सगळे १०० परत आणायलाच हवेत, असं नाही. पुढं उठलेल्यातलं निम्मं तरी खाली यावं, असं बरेच गाडीवाले सांगतात. बसवणारा टेप घेऊन पुढच्या मडगार्डची उंची तीनदा मोजतो. एकदा ट्रेलर न जोडता, एकदा जोडून, एकदा बार ताणून. ही तीन मापं मला फार आवडली. कसलं महागडं यंत्र नाही, साधा टेप, पण अंदाजाचं कारण उरत नाही.

भाच्याला मी एक गोष्ट मात्र बजावून सांगितली. तोंड उठतंय म्हणून सामान ट्रेलरच्या मागं भरू नकोस. त्यानं गोळा हलका होईल, गाडी सरळ दिसेल, आणि हायवेवर ट्रेलर शेपूट हलवायला लागेल. तिकडं अशा ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग गोळ्यावर ठेवायचा नियम आहे, तो याचसाठी. दोन सायकली मागच्या बंपरवर टांगायचा त्याचा बेत होता, तो रद्द केला. आणि शेपूट हललंच, तर गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि ट्रेलरचा ब्रेक हातानं लावायचा, म्हणजे मागचा पुढच्याला सरळ ओढतो. त्याच्या ट्रेलरला वेगळे ब्रेक आहेत. हे ऐकून मला हेवा वाटला आणि आपल्या ड्रायव्हर पोरांची आठवण आली.

भाचा म्हणाला, "मामा, असा हिच आपल्या ट्रॅक्टरला कर की." मी पुष्कळ विचार केला. जमणार नाही. तो हिच डांबरी रस्त्यासाठी आहे. आपली ट्रॉली फडातून बांध ओलांडते, चारीत उतरते. ट्रॅक्टर वर आणि ट्रॉली खाली, अशा कोनात ते बार एकतर वाकतील नाहीतर हुकाची जागा फाडतील. आपल्या हुकाचा खिळा सैल असतो, तो असाच सैल हवा, म्हणजे खाचखळग्यात दोघं आपापल्या परीनं हलतात. आपल्याला जे करता येतं, ते ट्रॉली बांधताना करायचं. आख कुठं बसवायचा, ते मी ट्रॅक्टर पाहून ठरवतो. चार बोटं पुढं किंवा मागं सरकला, की हुकावरचं वजन बदलतं. आणि एकदा पाटे वेल्ड झाले, की ते पुढं कित्येक हंगाम तसंच राहतं.

तरी माझ्या हातात अर्धंच आहे. उरलेलं ठरतं ट्रॉली भरताना, आणि ती भरतात कोण? फडात अरुंद फळी ट्रॉलीला टेकवलेली असते. डोक्यावर मोळी घेऊन बाया त्या फळीवरून चढतात, वर टाकतात, उतरतात, पुन्हा मोळी घेतात. कित्येकदा रात्री, ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडात. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, की पहिले थर आखावर टाका. जिथून चढायला सोपं, तिथं मोळी पडते. फळी पुढच्या बाजूला लावली, तर पुढं ढीग होतो; मागं लावली, तर मागं. म्हणजे फळी कुठं टेकवली, यावर घाटातल्या ट्रॅक्टरचं तोंड ठरतं. मी ड्रायव्हरांना सांगतो, की फळी मधे, चाकाशेजारी लावा आणि अर्धी भरल्यावर एकदा खाली उतरून बघा. बायांना नीट समजावलं, तर त्या माझ्यापेक्षा लवकर समजतात. डोक्यावरची मोळी पुढं झुकली की मान कशी लचकते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

पैसे मात्र टनावर मिळतात. तोडणीचे टनावर, वाहतुकीचे टनावर. त्यामुळं ट्रॉली फळ्यांच्या वर, आणखी वर भरली जाते, आणि भाराचा मध्य उंच जातो. माणसं हावरी आहेत असं मी म्हणत नाही. उचल फिटायची असते, हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत जितकं होईल तितकं करायचं असतं. पण वजनाची मोजणी एकाच जागी, सगळ्याची मिळून होते. कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली उभी राहते, आकडा छापून येतो. त्या आकड्यात हुकावर किती आणि पुढच्या चाकांवर किती, हे काहीच दिसत नाही.

म्हणून मी नवी ट्रॉली देताना एक काम स्वतः करतो. ग्राहकाला म्हणतो, आधी भर आणि मग जवळच्या धर्मकाट्यावर ये. ट्रॉली सोडून फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर घेतो, आकडा लिहितो. मग भरलेली ट्रॉली जोडून पुन्हा फक्त पुढचीच चाकं काट्यावर, पुन्हा आकडा. दोहोंतला फरक म्हणजे हुकानं पुढून किती उचललं ते. फरक फार वाटला, तर पुढं वजनं वाढवतो किंवा मोळ्या मागं सारायला लावतो. त्यानंही भागलं नाही, तर ट्रॉली परत आणून आख सरकवतो. काट्याची दोन वेळची पावती एवढाच खर्च. साखर कारखान्यांच्या काट्यावर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक ट्रॅक्टरचं असं एकदा वजन घ्यायला कुणाची हरकत नसावी. नंबरला उभ्या असलेल्या रांगेत तेवढा वेळ सहज निघतो. ते दोन आकडे ड्रायव्हरनं खडूनं ट्रॅक्टरच्या मडगार्डवर लिहून ठेवावेत, म्हणजे पुढच्या खेपेला फळी कुठं टेकवायची, हे त्याला आणि भरणाऱ्या बायांना दोघांनाही ठरवता येईल.